बाकावरचा सामना

ठाणे जिल्ह्यात भिवंडी शहराला लागून शेलार नावाचे गाव आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे माहेरघर. त्या मागांची खटखट शेलारच्याही कानांना चांगली परिचयाची आहे. मागावरील ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा आडवा धागा घेऊन धोटा एकसारखा धावत असतो. क्षणात तो डावीकडे दिसतो, तर क्षणात उजवीकडे! त्याच्या या येरझाऱ्यांतूनच कापड विणले जाते.

या व्यवसायामुळे भिवंडीच्या परिसरात निरनिराळ्या मुलखांतील माणसे येऊन राहिली आहेत. मूळचे आगरी व कुणबी, कोकणातून आलेले मुसलमान, तेलुगू बोलणारे विणकर, उत्तर प्रदेश व बिहार येथून पोटासाठी आलेले कामगार, अशी सर्व मंडळी तेथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. त्यांच्या भाषा वेगळ्या, सण वेगळे, जेवणाचे प्रकारही वेगळे. परंतु एका विषयावर ती सारी एकाच भाषेत भांडतात. तो विषय म्हणजे क्रिकेट!

२००४ सालच्या मार्च महिन्यातील ही गोष्ट आहे. शेलारमधील एका चहाच्या दुकानात एक लहानसा दूरदर्शन संच होता आणि त्याच्यासमोर दोन लांब बाके मांडलेली होती. एरवी त्या बाकांवर बसण्यास जागा मिळण्याची कोणास अडचण पडत नसे. परंतु त्या महिन्यात मात्र पाळी सुटलेले कामगार, शाळेतून परतलेली मुले आणि हातगाडी ओढणारे हमाल यांची तेथे एकच दाटी होऊ लागली. कारणही तसेच होते. कसोटी आणि एकदिवसीय सामने अशा पूर्ण दौऱ्यासाठी भारताचा संघ १९८९ नंतर प्रथमच पाकिस्तानात गेला होता. आरंभी पाच एकदिवसीय सामने व्हावयाचे होते. भारताचा कर्णधार होता सौरव गांगुली, तर पाकिस्तानचा इंझमाम-उल-हक. निघताना पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आपल्या खेळाडूंना, केवळ सामने नव्हेत तर मनेही जिंकून या, असा संदेश दिला होता.

दुकानातील मंडळींचे एव्हाना पंथ पडले होते. एक उंच, सडपातळ मुलगा सचिन तेंडुलकरवाचून दुसरे दैवत मानीत नसे. त्याला सारे 'सचिनपंथी' म्हणत. कापडाच्या गोदामातील एक कारकून राहुल द्रविडचा अभिमानी होता, तो 'द्रविडपंथी'. हमाल मंडळी वीरेंद्र सेहवागची. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका विणकराचा मुलगा मोहम्मद कैफच्या क्षेत्ररक्षणावर लुब्ध होता; तो 'कैफपंथी'. हा मुलगा व सचिनपंथी एकाच शाळेत, आठवीच्या एकाच वर्गात शिकत होते. या सर्व पंथांचे न्यायाधीश म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी. बाकाच्या टोकाची जागा त्यांच्यासाठी सदैव राखून ठेवलेली असे.

१३ मार्च रोजी कराची येथे पहिला सामना झाला. भारताने ३४९ धावा केल्या. सेहवागने ७९ धावांचा झंझावात केला आणि द्रविड ९९ धावांवर बाद झाला.

"काका, या द्रविडपंथीयांना आज अर्धाच चहा द्या," सचिनपंथी मोठ्याने म्हणाला. "एक धाव कमी पडली ना!"

"आणि सचिनच्या २८ धावांबद्दल तुला काय द्यावयाचे? रिकामी बशी?" कारकुनाने विचारले. सारे दुकान हसले, सचिनपंथीही हसला.

उत्तरादाखल इंझमामने १२२ धावांची बहारदार खेळी केली. सामना अगदी रंगात आला असता शोएब मलिकने चेंडू उंच टोलविला. कैफ दुरून वाऱ्यासारखा धावत आला आणि हेमांग बदानीशी टक्कर होता होता त्याने तो झेल टिपला. कैफपंथी आनंदाच्या भरात बाकावर चढून उभा राहिला. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला सहा धावा हव्या होत्या. मोईन खानने चेंडू मारला. तो थेट झहीर खानच्या हाती गेला. भारताने पाच धावांनी सामना जिंकला.

आता कराचीचे प्रेक्षक संतापतील, असे दुकानातील मंडळींस वाटले. परंतु पडद्यावर निराळेच दृश्य दिसले. आपला संघ हरला असूनही ते प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. दुकानात क्षणभर शांतता पसरली.

गुरुजी म्हणाले, "आजचा दिवस ध्यानात ठेवा. बरोबर आठ वर्षांपूर्वी, १३ मार्च १९९६ रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना आपल्या एका गड्याच्या मोबदल्यात ९८ धावा झाल्या होत्या. आणि पाहता पाहता १२० धावांत आठ गडी बाद झाले. तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या. अखेर खेळ थांबवून श्रीलंकेस विजयी घोषित करावे लागले. नाबाद असलेला विनोद कांबळी रडत परतला. त्या दिवशी आपण सामना तर हरलोच, पण त्याहून मोठेही काही हरलो."

"मग आपले प्रेक्षक कराचीच्या प्रेक्षकांहून उणे का, गुरुजी?" कैफपंथीने हिरमुसून विचारले.

"तसे नव्हे, बाळ. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईस पाकिस्तानशी कसोटी सामना झाला. सचिनने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा विजयासाठी केवळ १७ धावा हव्या होत्या. तरीही आपण १२ धावांनी हरलो. परंतु चेन्नईचे प्रेक्षक उठून उभे राहिले आणि विजयी पाकिस्तानी संघाला त्यांनी टाळ्यांच्या गजरात मानवंदना दिली. कोलकाता आपलेच आणि चेन्नईही आपलेच. आपण कोणासारखे व्हावे, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते."

१६ मार्चला रावळपिंडीस दुसरा सामना झाला. सचिनने १४१ धावा काढल्या. तरीही भारत १२ धावांनी हरला. त्या दिवशी सचिनपंथीची जी थट्टा झाली, ती विचारू नये! "सचिनने शतक केले की आपण हरतो," असा शोध हमालांनी लावला. १९ मार्चला पेशावरला भारताच्या २४४ धावा झाल्या आणि पाकिस्तानने चार गडी राखून विजय मिळविला. मालिकेत पाकिस्तानने दोन विरुद्ध एक अशी आघाडी घेतली.

त्या दिवशी दुकानातील हास्य मावळले होते. सचिनपंथी खिन्न होऊन बसला होता. त्याची कळी खुलावी म्हणून कैफपंथी म्हणाला, "अरे, रडतोस काय? एवढे करून सचिनच्या जागी आमच्या कैफला सलामीस पाठवून पाहा!"

ही थट्टा नेहमीचीच होती. परंतु सचिनपंथीचे मन त्या वेळी ठिकाणावर नव्हते. तो ताडकन उठला आणि म्हणाला, "तू कोण सांगणारा? हा गाव तुझा नाही आणि हा संघही तुझा नाही! तुझ्या मुलखाला चालता हो!"

सारे स्तब्ध झाले. कैफपंथीने हातातील पेला हळूच बाकावर ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. परंतु एक शब्दही न बोलता तो निघून गेला. रस्त्यापलीकडील मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती.

काही वेळाने गुरुजींनी सचिनपंथीस जवळ बोलाविले. "बस बाळ. तुला एक जुनी गोष्ट सांगतो. मी तुझ्याएवढा होतो तेव्हाची. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्या सर्वांचा 'इतर' हा पाचवा संघ. १९४३ साली वडिलांनी मला ब्रेबर्न स्टेडियमवर नेले. हिंदू आणि इतर यांच्यात अंतिम सामना होता. हिंदूंकडे विजय मर्चंट, तर इतरांकडे विजय हजारे. हजारे आपल्या सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती. त्याच स्पर्धेत हजाऱ्यांनी २४८ धावा काढल्या होत्या. आता मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढून त्यांना मागे टाकले. मग काय, मर्चंटपक्षाच्या लोकांनी हजारेपक्षाची रेवडी उडविली!

"हिंदूंनी ५८१ धावांवर डाव घोषित केला. इतरांचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला व त्यांना लगेच पुन्हा खेळावे लागले. या दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले. एका बाजूने गडी बाद होत होते आणि दुसऱ्या बाजूने हजारे झुंजत होते. त्यांचे बंधू विवेक यांनी त्यांना साथ दिली. दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांच्या धावा होत्या केवळ २१! संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजाऱ्यांच्या. त्यांचा संघ हरला, एक डाव आणि ६१ धावांनी हरला. परंतु आमच्या पुढ्यात बसलेले जे गृहस्थ आदल्या दिवसापर्यंत हजारेपक्षाची टर उडवीत होते, त्यांनीच डोक्यावरची टोपी काढून हवेत उडविली. थट्टा त्यांनी धावांची केली होती. धावा दिसताच त्यांनी ती मागे घेतली."

"मग पंचरंगी सामने आता का होत नाहीत, गुरुजी?"

"कारण त्यांतील संघ धर्मावरून पाडलेले होते. खेळाच्या निमित्ताने माणसे माणसांपासून दुरावतील, अशी भीती विचारवंतांना वाटू लागली. महात्मा गांधींनीही १९४० साली या पद्धतीविषयी नापसंती दर्शविली होती. अखेर १९४६ साली ते सामने बंद पडले. आज रणजी करंडकाचे संघ धर्मावरून नव्हे, तर प्रांतावरून आणि संस्थांवरून निवडले जातात. तुझा कैफ उत्तर प्रदेशाचा, तुझा सचिन मुंबईचा, द्रविड कर्नाटकाचा. आणि भारताच्या संघात हे सारे एकाच पोशाखात एकमेकांसाठी धावतात."

गुरुजी क्षणभर थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आणखी एक सांगतो. आपल्या भिवंडीने १९७० साली व १९८४ साली दंगलींचे दुःख भोगले आहे. घरे जळाली, माग जळाले, माणसे गेली. पुढे सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्यांनी येथे मोहल्ला समित्या स्थापिल्या. निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, बोलावे, एकमेकांस ओळखावे, एवढेच त्यांचे काम. १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, ती अशा ओळखीच्या बळावर. तुम्ही या बाकावर बसून भांडता, हसता, तेही थोडे तसेच काम आहे. खेळाडूच्या खेळाची थट्टा केलीस, तर दुसऱ्या दिवशी तो खेळाडू शतक काढून तुझे उत्तर देईल. परंतु माणसाच्या गावाची, भाषेची, धर्माची थट्टा केलीस, तर त्याने काय काढून दाखवावे?"

सचिनपंथीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो आपल्या मित्राच्या वडिलांच्या कारखान्याकडे गेला. आत बारा माग चालू होते. कैफपंथी एका कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या टोपलीत लावीत होता. मित्राला पाहूनही त्याने मान वर केली नाही. सचिनपंथी दारातच घुटमळला. इतक्यात एका मागावरील धागा तुटला आणि तो माग आपोआप थांबला. विणकराने धोटा बाहेर काढला, तुटलेले टोक शोधून पुन्हा ओवले, कापडावर हात फिरविला आणि माग चालू केला.

दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून ते म्हणाले, "आत ये, बेटा. काय पाहतोस? धागा तुटायचाच. तुटल्यावर माग थांबवायचा, नाही तर सारे कापड बिघडते. टोक सापडले की पुढे काही अवघड नाही."

सचिनपंथी पुढे झाला आणि मित्राजवळ जमिनीवर बसला. "काल मी वाईट बोललो. माझे चुकले," तो म्हणाला. "उद्या तू आला नाहीस, तर मी कोणाशी भांडू?"

कैफपंथीने काही क्षण त्याच्याकडे पाहिले. मग एक रिकामी टोपली त्याच्यापुढे सरकवून तो म्हणाला, "आधी या कांड्या लाव. मग पाहू."

रविवारी, २१ मार्चला, लाहोर येथे चौथा सामना झाला. पाकिस्तानने २९३ धावा केल्या. पाठलाग करताना भारताचे पाच गडी बाद झाले, तेव्हा विजय फार दूर दिसत होता. खेळपट्टीवर द्रविड आणि कैफ होते. चहाच्या दुकानात कोणीही बोलत नव्हते. एकेक धाव, एकेक दुहेरी धाव, मधूनच एखादा चौकार, असे करीत त्या दोघांनी अखंड भागीदारी रचली आणि भारताने पाच गडी राखून सामना जिंकला. द्रविड नाबाद ७६, कैफ नाबाद ७१!

सर्वांत आधी कोण नाचू लागले असेल? सचिनपंथी! त्याने कैफपंथीला खांद्यावर घेतले आणि दुकानाभोवती फेरी मारली.

२४ मार्चचा पाचवा सामनाही लाहोरलाच झाला. दोन्ही संघांचे दोन दोन विजय झाले होते. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने १०७ धावा केल्या. तोवर दुकानात लक्ष्मणपंथी कोणी नव्हताच, त्या दिवशी मात्र सारे तेलुगू विणकर एका सुरात म्हणू लागले, "लक्ष्मण आमचा!" पुढे धोकादायक इंझमामचा उंच फटका सीमारेषेजवळ सचिनने झेलला आणि भारताने ४० धावांनी विजय मिळवून मालिका तीन विरुद्ध दोन अशी जिंकली.

कैफपंथी गंभीर चेहरा करून म्हणाला, "सचिनने शतक केले तेव्हा आपण हरलो; झेल घेतला तेव्हा जिंकलो. तेव्हा यापुढे त्याने फलंदाजी सोडून क्षेत्ररक्षणच करावे, हे उत्तम!"

सचिनपंथी सर्वांहून मोठ्याने हसला.

चारच दिवसांनी मुलतान येथे पहिली कसोटी सुरू झाली. तीत सेहवागने त्रिशतक ठोकले. कसोटीत त्रिशतक करणारा तो पहिला भारतीय ठरला. तो बाद झाला तेव्हा फलकावर त्याच्या नावापुढे आकडा होता ३०९.

"गुरुजी," हमालांनी विचारले, "आता बोला! आपले हजारे मोठे की आमचा सेहवाग?"

गुरुजींनी चहाचा घोट घेतला आणि चष्मा पुसत म्हटले, "धावा सारख्याच आहेत. परंतु हजाऱ्यांच्या संघाच्या होत्या अवघ्या ३८७!"

त्यावर दोन्ही बाकांवर जो वाद सुरू झाला, तो रात्रपाळीची वेळ झाली तरी संपला नाही. समोरच्या कारखान्यात धोटा इकडून तिकडे धावत होता आणि बाकावर शब्द. दोन्हीकडे धागा अखंड होता.

स्वाध्याय

१. कराचीच्या प्रेक्षकांचे वागणे पाहून दुकानात शांतता का पसरली?
२. ईडन गार्डन व चेन्नई येथील प्रेक्षकांच्या वागण्यातील भेद आपल्या शब्दांत सांगा.
३. "थट्टा त्यांनी धावांची केली होती, धावा दिसताच त्यांनी ती मागे घेतली." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पंचरंगी सामने का बंद पडले?
५. तुटलेला धागा पाहून सचिनपंथीला काय उमगले असेल, ते पाच-सहा ओळींत लिहा.
६. आपल्या आवडत्या खेळाडूविषयी मित्राशी झालेला एखादा गमतीदार संवाद लिहा. मित्राचे मन दुखावेल असे त्यात काही नसावे.